पावणेसातची मगरिब

१ जुलै, रविवार

शुद्धलेखनाला माफी. टायपिंग पण स्लो, एका बोटाने. मराठी मी गावी चौथीपर्यंत, मग इथे सौदीत, खमीसला, इंग्लिश मीडियम नववीपर्यंत, मग काहीच नाही. तरी मराठीतच लिहिणार. अब्बा-अम्मी उर्दू शाळेतले. थोरल्या आपाला मराठी पाटी वाचायला पण जोर लागतो. या घरात माझ्याकडे कुलूप एवढंच, मराठी.

अब्बांची नोकरी गेली. गुरुवारीच गेली, सांगितलं आज. चष्म्याच्या दुकानात आता सौदीच पाहिजेत म्हणे, ऑर्डर आली. ज्याला तीन महिने नंबर काढायला शिकवलं तोच आता अब्बांच्या स्टुलावर. कफील, मंजे ज्याच्या नावावर आमचा व्हिसा तो सौदी मालक, म्हणाला खलास. अब्बांनी हे बाजारातून मासे आणले तसं सांगितलं.

दुकानातून काय आणलं? डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता. हॉलमध्ये लावला. मला समोर उभं केलं. "वाच. मोठ्याने."

E आला. F आला. मग D. D ला मी अडकते. द ला पण. द-द-द चालूच राहतं.

अब्बा म्हणाले, "पंधरा वर्षं अख्ख्या खमीसच्या डोळ्यांना नंबर लावले, हिच्या तोंडाला कुठला लावू?"

आपा हसली. नोकरी गेल्याच्या दिवशी पण हसली.

२ जुलै

ब्रिटन कॅन्सल. अकरा दिवसांची टूर होती. आता नुसतं रंगीत पुस्तक उरलं.

मला वाटलं विषय संपला. नाही संपला. आपाची मंगनी (साखरपुडा) १८ ला आहे, इरफानशी. तो खफजीला, सौदीच्या पार दुसऱ्या टोकाला, समुद्रातल्या तेलाच्या कामावर. त्याची आई, तिथेच राहते, मुमताज खाला (पुढे मु.खा. लिहीन, बोट दुखतं). मु.खा. ने आधी इरफानचा एक रिश्ता तोडलाय, मुलीच्या बापाची नोकरी अशीच सौदायझेशनमध्ये गेली म्हणून. तेव्हा आमच्याच सोफ्यावर बसून बोलली होती, "बेकार बापाची मुलगी एकटी येत नाही, आईबाप पाठोपाठ येतात." आम्ही सगळे मान हलवत होतो. अब्बांनी सगळ्यात जास्त.

आणि अब्बांनीच तिला ब्रिटनचं सांगून ठेवलेलं, चार वेळा. नाही गेलो तर विचारणार का नाही गेलात.

अब्बा बराच वेळ ते पुस्तक बघत बसले. मग म्हणाले, "जायचं नाही. पण गेलो."

अम्मी : मंजे?

अब्बा : मंजे गेलो. अकरा दिवस दार लावून घरात. मंगनी होऊ दे, मग नोकरीचं बघू.

खानदानचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात रोज काहीतरी टाकायला लागणार. कुठे गेलो, काय खाल्लं. लिहिणार कोण? तिघांनी माझ्याकडे बघितलं.

अम्मी म्हणाली, "हिला काय, ही तशी पण घरातच असते."

४ जुलै

निघालो.

खालच्या मजल्यावर सलीम चाचा राहतात, मु.खा. चे दीर. त्यांना दिसलं की खफजीला कळलं. म्हणून त्यांच्या समोरून बॅगा उतरवल्या. चाचांनी दुआ दिली, वाटेत खायला खजूर दिले. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तिथे तरी बोल गं जरा."

गाडी पलीकडच्या मोहल्ल्यात लावली आणि आत बसून राहिलो. दुपारची, जोहरची अजान झाली, चाचा मशिदीत गेले, तेव्हा जिन्याने वर. चपला हातात.

नियम असे. चाचा घरी असताना चालायचं नाही, बोललात तर कुजबुज. नळ, फ्लश, मिक्सर सगळं अजान झाल्यावर, चाचा मशिदीतून परत यायच्या आत. पाच नमाजा, पाच वेळा. पडदे बंद. फोन आला तर घ्यायचा नाही, रोमिंग सांगायचं.

अब्बांनी घड्याळाखाली कागद लावला, "ब्रि. दोन तास मागे."

आता सगळे माझ्यासारखे झाले. मला बरं वाटलं. हे लिहायला नको होतं.

६ जुलै, शुक्रवार

आज लंडन, दिवस दुसरा. पुस्तकातून बघून लिहिलं. नदी, पूल, मोठं घड्याळ, लाल बस. ग्रुपमध्ये रोमनमध्ये लिहिते, घरच्या बोलीत.

कोणाला खास वाटलं नाही. गावच्या फुफीने अंगठा टाकला. मु.खा. ने लिहिलं, "फोटो?"

अब्बा कानाशी येऊन म्हणाले, "एवढं पण येत नाही? जीव ओत." मग तक्ता. आता तो कुजबुजून वाचायचा. कुजबुजीत D येतो. हे मी त्यांना सांगितलं नाही.

८ जुलै

फोटो काढायला पहाटे फजरला निघालो, चाचा मशिदीत गेले तसे. शेजारच्या अबहा गावाच्या वर डोंगरावर. धुकं एवढं की अब्बांना गाडीचं बोनेट दिसेना. खरंच परदेश वाटतो. आपाने लाल कोट घातला. अम्मीने अबायावर अब्बांचा कोट. मी फोटो काढले, मंजे मी फोटोत नाही.

माकडं आली. इथली मोठी, कुत्र्याएवढी. एकाने अब्बांच्या हातातलं चिप्सचं पाकीट घेतलं. अब्बा ओरडले आणि पळाले, आम्हाला तिघींना तिथेच टाकून गाडीत बसले आणि आतून लॉक केलं. अम्मी काच ठोकत होती. लॉक माकड गेल्यावर निघालं.

जोहरला घरात शिरलो.

मी ग्रुपवर लिहिलं, "आज वेल्स. डोंगरात मेंढी आली. अब्बा तिला घाबरून आम्हाला सोडून गाडीत लॉक करून बसले. मेंढीने काचेतून आत बघितलं आणि कंटाळून गेली." बरोबर धुक्याचा फोटो.



९ जुलै

सगळे हसतायत. गावापासून खफजीपर्यंत. फुफीने लिहिलं, "भाऊ लहानपणी कोंबडीला पण घाबरायचा." इरफानने पाच हसरे चेहरे टाकले. मु.खा. ने लिहिलं, "माशाअल्लाह, धाकटी बोलत नाही पण लिहिते काय!" खाली चाचांचा फोन टिंग वाजतो तो वर ऐकू येतो, मग चाचांचं हसणं. आमच्या पायाखाली हसतात.

अब्बांनी फोनवर वाचलं. नंतर स्वतः ग्रुपवर हसरा चेहरा टाकला. टाकावाच लागला. टाकताना त्यांचं तोंड बघितलं मी.

मी परत करणार.

९ जुलै, दुपारी असरनंतर

केलं. आज तळ्यातली बोट. आपाला बोट लागली आणि ती एका गोऱ्या म्हातारीच्या टोपीत ओकली. म्हातारीने टोपी धुतली आणि परत घातली.

इरफान : आठ हसरे चेहरे. "नाझनीन, लग्नाला बोट नको मग."

चाचा खाली घरात होते तेव्हा आपा माझ्यावर आली. आवाज न करता. केस धरले, मी तिचा हात चावला, ती तोंड उघडून ओरडली पण आवाज काढला नाही. अम्मी मधे पडली, ती पण मुक्याने. टीव्हीचा आवाज बंद केल्यासारखं भांडण. शेवटी आपाने कानात सांगितलं, "तू काय आहेस माहिताय? शाळेत मुली तुला टेप अडकली म्हणायच्या. मी पण म्हणायचे."

माहीत होतं. सुरुवात तिनेच केलेली.

१० जुलै

मी चांगलं लिहिते. अम्मीने पहिल्यांदा विचारलं, "आज आपण कुठे आहोत?" आणि अब्बा पण ऐकत होते. मी तक्त्याकडे बघून म्हटलं, "स्कॉटलंड." पूर्ण शब्द. न अडकता. कोणाच्या लक्षात आलं नाही.

संध्याकाळी अजान झाली, नळ सोडले, अम्मीने मसाला वाटून घेतला, मी पट्कन लिहिलं. या वेळी कोणी कानाशी कुजबुजत नाही, म्हणून याच वेळी लिहिते. "आत्ताच मगरिब झाली. तळ्याकाठी चादर टाकून चौघांनी पढली. अब्बांनी पुढे उभं राहून इमामत केली. पाण्यावर अंधार उतरला. कोणी मस्करी केली नाही. आपाने माझा हात धरला."

यात कोणाला हसवायचं नव्हतं. असंच लिहिलं. पाठवलं तेव्हा पावणेसात.

११ जुलै

सकाळी मु.खा. चा मेसेज, ग्रुपवर नाही, अब्बांना एकट्याला. "भाईसाब, माझी बहीण त्या देशात आहे. मी एक रमजान उन्हाळ्यात तिच्याकडे काढला. तिथे मगरिब रात्री साडेनऊ-दहाला होते. तुमची आणि माझी अजान एकाच मिनिटाला कशी झाली?"

अब्बांनी तीन वेळा वाचला. मग कळलं. मला पण तेव्हाच कळलं. दोन तास मागे तेवढं सगळे धरून बसलो. आमच्या पावणेसातला तिथे पावणेपाच, उन्हं वर, सूर्य कोणी बघितलाच नाही. मु.खा. नमाजाच्या मुसल्यावर बसायला गेली असणार तेव्हाच फोन वाजला असणार.

अब्बा उठले. परत बसले. घड्याळ बघितलं. मला समजेना कशाची वाट बघतायत. जोहरची अजान सुरू झाली, चाचांचं दार उघडलं, बंद झालं, पावलं जिन्यावरून गेली. मग अब्बांनी मारलं.

चाचा परत यायच्या आत थांबले पण.

१२ जुलै

अब्बांनी असरला मु.खा. ला फोन लावला. कपाटात तोंड घालून, गाद्यांमध्ये, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. स्पीकर चालू, आम्ही बाहेर उभ्या.

अब्बा : खालाजी, काय सांगू. धाकटी आमची डोक्याने जरा कमी आहे. वेळेचं कळत नाही तिला. जुन्या सवयीने लिहिलं असेल. शाळा पण म्हणूनच सोडवली.

कपाटातून हे ऐकू येतं तेव्हा वेगळं वाटतं. जसं काही कपडेच बोलतायत.

अब्बांना वाटलं पटलं. आमच्याकडे वळून मान हलवली.

मु.खा. : हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?

अब्बा : काय?

मु.खा. : खानदानात अजून कोण आहे असं? आईकडून की बापाकडून? मला नातवंडं हवीत भाईसाब. मी डोळे मिटून मुलगी नेऊ का?

अब्बांचं डोकं कपाटातून बाहेर आलं. त्यांच्या खांद्यावर अम्मीचा दुपट्टा अडकला होता. कोणी हसलं नाही.

अम्मीने हातातून फोन घेतला. "नाही हो मुमताज आपा, हुशार आहे ती, नुसती लाजाळू."

मु.खा. : मग मगरिब पावणेसातला कशी?

अम्मीने फोन अब्बांच्या हातात परत दिला.

मु.खा. : उद्या चारला तिलाच फोन द्या. मी तिच्याशीच बोलते. दोन मिनिटांत कळतं मला.

मी हुशार निघाले तर आम्ही खोटे. मंद निघाले तर आपाचं रक्त खराब. अब्बांनी दोन्ही दारं स्वतःच लावली आणि किल्ली माझ्या तोंडात ठेवली.

आपा मोरीत जाऊन रडली. नळ सोडता येत नव्हता.

१३ जुलै, शुक्रवार

सकाळपासून तयारी. अब्बांनी मला खुर्चीत बसवलं, समोर स्टूल घेतलं. दुकानात गिऱ्हाईकासमोर बसायचे तसेच.

"नीट बोल. छोटं छोटं बोल. मगरिबचं विचारलं तर सांग अब्बांनी मस्करीत लिहायला लावलं. आणि किती वाजले विचारलं तर काय?"

मी बोट दाखवलं, दोन बोटं.

"बोटं फोनमध्ये दिसतात का? तोंडाने."

द. द. द.

अम्मी म्हणाली, "दुसरं काही सांगू दे ना. पावणे— अडीच—"

अब्बा : चारला फोन येणार मंजे तिथे दोन. अडीच कसे होतील? तू पण हिच्यासारखी का?

नंतर आपा माझ्याजवळ येऊन बसली. लाल कोट घालून बसली होती, घरात, जुलैमध्ये. म्हणाली, "सबा." कधीपासून मला मुकीच म्हणते. "सबा, एकदा नीट बोल. एकदाच. मग आयुष्यभर गप्प राहा, मी कोणाला हसू देणार नाही."

एकदाच नीट बोल मंजे खोटं बोल. तिला पण माहीत होतं, मला पण. तिचा हात गरम होता. चावलेली खूण दिसत होती.

असर झाली, चाचा गेले. चारला फोन वाजला. बरोबर चारला.

स्पीकर मु.खा. नेच बंद करायला लावला. "फक्त मी आणि ती." तिघे माझ्यासमोर ओळीत.

मु.खा. चा आवाज मऊ होता. मला वाटलं नव्हतं. विचारलं किती वर्षांची. सोळा. दिवसभर काय करतेस. लिहिते. मेंढी खरी होती का. मी म्हटलं, "नाही खाला. माकड होतं." ती हसली. मी पण हसले. अब्बांचे डोळे मोठे झाले, त्यांना माझंच बोलणं ऐकू येत होतं.

मी कुठेच अडकत नव्हते. शाळेत असं एकदा जरी झालं असतं.

मग ती म्हणाली, "बाळा, आत्ता तिथे किती वाजले?"

अब्बांनी दोन बोटं वर केली. अम्मीने पण. आपाने डोळे मिटले आणि ओठ हलवले, दुआ असेल.

मी तोंड उघडलं. द.

परत द.

तिघांना वाटलं अडकले. अडकले नव्हते. शब्द पूर्ण आला होता, जिभेवर होता, कुजबुजीत येतो तसा.

"चार, खाला."

पलीकडे पंखा ऐकू आला. मग ती म्हणाली, "हो. इथे पण चारच झालेत." मग थोड्या वेळाने, "सलीमभाईंना माझा सलाम सांग. जवळच आहेत तुमच्या." आणि फोन ठेवला.

अब्बा भिंतीला टेकले. मला वाटलं आता पुढच्या अजानची पण वाट बघणार नाहीत, थेट मारतील. नाही मारलं. अम्मीला म्हणाले, "बघ. कपाटात मी काय म्हटलं? खोटं होतं का? दोन साधं येत नाही. मंद आहे खरंच."

आणि त्यांना बरं वाटलं ते सांगून. दिसत होतं.

१५ जुलै

काल ठरल्याप्रमाणे परत आलो. जोहरला चपला हातात घेऊन खाली उतरलो, गाडीत बसलो, असरनंतर बॅगा घेऊन वाजत गाजत वर.

सलीम चाचा दारात उभे होते. "कसा होता ब्रिटन?"

अब्बा : थंड. फार थंड.

चाचा : हो का. इथे मागे तुमच्या घरी पाइप फुटलाय बहुतेक. अजान झाली की पाण्याचा आवाज यायचा. पाच वेळ. मी म्हटलं घर पण नमाजी झालं.

अब्बांनी त्यांना बिस्किटांचा डबा दिला, ब्रिटनहून आणला म्हणून. खालच्या बकाल्याची (वाण्याची) किमतीची चिठ्ठी मी आधीच काढली होती. थोडा गोंद राहिला. चाचांनी त्यावर अंगठा फिरवला, माझ्याकडे बघितलं आणि आत गेले.

मु.खा. चं काही नाही. ग्रुपवर पण नाही. इरफानचा स्टेटस समुद्राचा आहे, तो नेहमीच असतो.

१६ जुलै

मंगनी परवा. होणार की नाही कोणी विचारत नाही. अब्बा तीनदा फोन उचलून परत ठेवतात. अम्मीने मिठाईचं सांगितलं नाही आणि नको पण सांगितलं नाही. आपाने ड्रेस इस्त्री करून दाराला लावलाय. तक्ता त्याच्या मागे गेला, फक्त खालच्या दोन ओळी दिसतात.

नमाजाआधी वजू करताना आपा माझ्या मागे उभी राहिली. आता नळ कधी पण सोडता येतो, तरी आम्ही अजानलाच सोडतो.

म्हणाली, "अडकली होतीस ना?"

पाणी चालू होतं.

"सबा. सांग ना. अडकलीस म्हणूनच ना?"

मी हात धूत राहिले. कोपरापर्यंत, तीनदा, मग चौथ्यांदा. ती उभीच होती.

अबहात गारा पडल्या आज, लिंबाएवढ्या. खूप गाड्यांच्या काचा गेल्या म्हणतात.